सतत मेसेज करणाऱ्यासाठी साधा, स्वस्त आणि टिकाऊ फोन कसा निवडावा?

सांजवात

माझ्या मामाला ऐकू कमी येतं. कानात यंत्र आहे, तरी फोनवरचं बोलणं त्याला नीट कळत नाही. त्यामुळे कामाचे निरोप, घरच्यांची चौकशी, डॉक्टरची वेळ, सगळं मेसेजवर चालतं. काम उघड्यावरचं. धूळ, घाम, पावसाचे शिंतोडे, आणि फोन खिशातून पडणं नेहमीचंच. आत्ताच्या फोनची ५ आणि ७ ही बटणं दाबायला नख लावावं लागतं, म्हणून आता नवीन घ्यायचाय.

स्मार्टफोन नको असं तो स्वतःच म्हणतो. मेसेज मराठीत, देवनागरीतच लिहितो. रोमनमध्ये मराठी वाचायला त्याला आवडत नाही, लिहायला त्याहून नाही.

कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त टिकेल आणि मेसेजला सोयीचा पडेल असा फोन हवा. मॉडेलचं नाव सांगा, पण काय बघून घ्यायचं तेही सांगा. मॉडेलं बाजारातून जातात, निकष कळले तर पुढच्या वेळीही उपयोगी पडतील.

लंबक

नोकिया ११००. विषय संपला.

२००३ साली आला, जगभर २५ कोटींहून जास्त खपला. धूळ आत जाऊ नये म्हणून अखंड रबरी कीपॅड, हातातून सटकू नये म्हणून बाजूला खरबरीत पकड, वर टॉर्च. मामांच्या कामासाठीच जन्माला आला होता तो फोन. जुन्या बाजारात मिळतो, बॅटरीही मिळते.

आडवाटेचा

लंबक, फोन उत्तम, पण विषय तिथे सुरू होतो. ११०० फक्त टूजीवर चालतो. ऑस्ट्रेलियात टूजीची सेवा गेली, सिंगापूरमध्ये २०१७ साली गेली, अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीनेही त्याच वर्षाच्या सुरुवातीला बंद केली. काही ठिकाणी टूजी आहे पण थ्रीजी गेलंय. फोन कितीही दणकट असला तरी नेटवर्कच नसेल तर त्यावर फक्त घड्याळ बघायचं.

त्यामुळे सांजवात, पहिली पायरी ही: मामांचं सिम ज्या कंपनीचं आहे तिचं कुठलं नेटवर्क पुढची काही वर्षं राहणार आहे ते विचारा. मगच फोन बघा. माझं मत विचाराल तर आज साधा फोनसुद्धा फोरजीचाच घ्यावा, आणि खोक्यावर 'व्होल्टी' (फोरजीवरूनच कॉल लागण्याची सोय) आहे ना ते वाचावं. नुसतं फोरजी असून व्होल्टी नसेल तर कॉल लागताना तो फोन पुन्हा टूजी-थ्रीजीच शोधतो. काही कंपन्या आपल्या यादीतल्याच मॉडेलांना व्होल्टी देतात, तेव्हा सिम घालून एक कॉल आणि एक मेसेज करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

लंबक

जिथे टूजी चालू आहे तिथे ११०० आजही राजा आहे. एवढं म्हणून थांबतो.

टिपकागद

मोबाइल दुरुस्ती हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधा फोन पडून फुटतो असं लोकांना वाटतं. माझ्या टेबलावर फुटून आलेले कमी असतात. येतात ते चार्जिंगच्या पिनेमुळे, कीपॅडमुळे आणि फुगलेल्या बॅटरीमुळे.

कीपॅडचं आधी सांगतो, कारण इथे तोच मुद्दा आहे. प्रत्येक बटणाखाली पातळ धातूची छोटी घुमटी असते. दाबली की ती खाली बसून संपर्क जोडते आणि 'टक्' असा स्पर्श बोटाला कळतो. धूळ, घाम शिरला की संपर्कावर काळा थर चढतो, मग बटण दोनदा उठतं किंवा उठतच नाही. सतत मेसेज करणाऱ्याची ठरावीक बटणंच आधी जातात. सांजवात यांच्या मामांचं ५ आणि ७ गेलंय, यात मला काहीच नवल नाही. जुना फोन टाकू नका. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसले किंवा घुमट्यांचा पत्रा बदलला तर पुष्कळदा बटणं पुन्हा जिवंत होतात, आणि खर्च नव्या फोनच्या मानाने फारच थोडा. हाताशी दुसरा फोन असणं मामांसारख्या माणसाला गरजेचं आहे.

नवीन घेताना एकाच रबरी चटईचा कीपॅड घ्या. बटणांच्या मधे फटी असलेला चकचकीत प्लॅस्टिकचा कीपॅड दिसायला छान, पण प्रत्येक फट म्हणजे धुळीला दार. घडीचा फोन घेऊ नका. त्याची बिजागरी आणि तिच्यातून जाणारी पट्टी हा सगळ्यात नाजूक भाग असतो. बॅटरी हाताने काढता येणारी हवी, आणि तिचा नमुना सर्रास मिळणारा हवा. काच कडेपेक्षा किंचित आत बसलेली असावी, म्हणजे पालथा पडला तरी कड मार खाते. दोरी अडकवायला भोक असेल तर उत्तम, मेसेज करणाऱ्याच्या मनगटाला फोन बांधलेला असला की पडण्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

चार्जिंगला शक्यतो टाइप-सी बघा. मायक्रो यूएसबीची पिन घाईत उलटी खुपसून वाकवलेले फोन मी रोज बघतो. युरोपीय संघात डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप-सी बंधनकारक आहे, त्यामुळे साध्या फोनांतही ती आता दिसू लागली आहे.

पाणचक्की

टिपकागद, सुरेख प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पाण्याबद्दल माझी भर. खोक्यावर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५४ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि शिंतोडे चालतील. आयपी६७ म्हणजे धूळ अजिबात आत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास. घाम आणि शिंतोडे एवढंच असेल तर ५४ पुरे. नुसतं 'रग्ड' लिहिलेलं असेल आणि आकडा नसेल तर त्या शब्दावर एक पैसाही जास्त देऊ नका.

टिपकागद

सहमत. 'मिलिटरी ग्रेड'चंही तसंच. एमआयएल-एसटीडी-८१० हा चाचण्यांचा मोठा संच आहे, त्यातल्या कुठल्या चाचण्या केल्या ते कंपनीने सांगितलं तरच त्याला अर्थ. आणि आयपी असलेला फोन एकदा उघडून दुरुस्त केला की आतलं रबर पूर्वीसारखं बसेलच असं नाही.

कळफलक

टिकाऊपणावर छान चर्चा चालली आहे, पण मूळ काम टंकण्याचं आहे, त्याकडे येऊ या.

दुकानात लोक फोन हातात घेऊन वजन बघतात, टॉर्च लावतात, रेडिओ लावतात. मेसेज कोणीच लिहून बघत नाही! मामांना सोबत न्या आणि ते रोज लिहितात तसा एक अख्खा मेसेज तिथेच लिहायला लावा. अंगठा बटणांवर न बघता फिरतो का, ५ वरचा उंचवटा बोटाला लागतो का, शेजारचं बटण चुकून दाबलं जातं का. दोन मिनिटांत उत्तर मिळतं आणि ते कुठल्याही परीक्षणापेक्षा खरं असतं.

भाषेच्या यादीत 'मराठी' आहे एवढ्यावर समाधान मानू नका. काही फोनांत मेनू मराठी असतो पण लिहायची सोय हिंदीची असते. 'ळ' कुठल्या बटणावर आणि कितव्या दाबाला येतो ते बघा. 'ॲ' आणि 'ऑ' आहेत का? 'सुऱ्या' लिहिता येतं का? 'ण' पाचव्या दाबाला असेल तर दिवसभर लिहिणाऱ्याचा अंगठा दुखणार. मेसेज आल्यावर जोडाक्षरं जोडलेली दिसतात की पाय मोडलेली, तेही आपल्या फोनवरून एक मेसेज पाठवून तपासा.

शब्द सुचवणाऱ्या टी९ बद्दल: इंग्रजीत ती सोय अफाट आहे. 'हॅलो' हा इंग्रजी शब्द एकेक अक्षर उठवत लिहायला १३ दाब लागतात, टी९ वर ५. ४६६३ दाबलं तर गुड, होम, गॉन असे पर्याय येतात आणि एका बटणाने पुढचा निवडता येतो. रोमन मराठीत मात्र ती पावलोपावली आडवी येते, तिथे ती बंद करणंच बरं. देवनागरीत शब्दसूचना आहे का आणि आपले शब्द तिच्यात भरता येतात का, हे मामांसाठी नक्की बघा. नातेवाइकांची नावं आणि कामाचे नेहमीचे शब्द एकदा भरून दिले की अर्धी टकटक वाचते.

अर्धविराम

देवनागरी म्हटलं की अक्षरमर्यादेचं सांगायलाच हवं. एका मेसेजमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांचं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला प्रत्येकी सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. आणि इथे काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळं वेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थ्यांच्या' हा एक शब्द १७ जागा खातो!

७० च्या पुढे गेलं की मेसेजचे तुकडे होतात, आणि ते परत जोडायची माहिती प्रत्येक तुकड्यात भरावी लागते म्हणून तुकड्यामागे ६७ च उरतात. इंग्रजीत तसेच १५३. इंग्रजी मेसेजमध्ये एकच देवनागरी अक्षर किंवा हसरा चेहरा घातला तरी अख्ख्या मेसेजला ७० ची मर्यादा लागते. मेसेजमागे पैसे लागणारा प्लॅन असेल तर हे लक्षात ठेवा. लिहिताना कोपऱ्यात उरलेली अक्षरं दाखवणारा फोन म्हणूनच हवा.

अवांतर: जगातला पहिला एसेमेस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. 'मेरी ख्रिसमस' एवढाच. तो फोनवरून नाही, संगणकावरून पाठवला होता.

रानवारा_०७

७० अक्षरांत? आमच्या आत्याची नुसती 'कसे आहात, बरे आहात ना, मुलं काय म्हणतात' ही प्रस्तावनाच दोन तुकड्यांत येते. मजकूर पुढच्या तीन तुकड्यांत. 😄

घडीघडी

सगळ्यांचा आदर राखून असहमत. सतत मेसेज करणाऱ्याला बारा बटणांत कोंडून ठेवण्यात काय हशील आहे? स्वस्तातला स्वस्त स्मार्टफोन घ्या, जाड रबरी कव्हर घाला. देवनागरीचा पूर्ण कळफलक समोर येतो, 'ळ' शोधावा लागत नाही, बोलून टंकता येतं, अक्षर मोठं करता येतं. व्हॉट्सॲपवर ७० ची मर्यादाही नाही. शिवाय ऐकू कमी येणाऱ्याला समोरच्याचं बोलणं लगेच अक्षरांत दाखवणारी सोय स्मार्टफोनवर आहे. ही शेवटची गोष्ट मामांचं आयुष्य बदलू शकते, असं मला मनापासून वाटतं.

सांजवात

घडीघडी, ती सोय मी मामाला माझ्या फोनवर दाखवली होती, त्याला ती आवडलीही. घरी बसून डॉक्टरशी बोलताना ती वापरायला मी माझा फोन देतेच. पण कामावर त्याची बोटं घामाने आणि धुळीने भरलेली असतात, काच बोट ओळखत नाही. उन्हात पडदा दिसत नाही. आणि दिवसभर चार्जरजवळ जाता येत नाही. बटण मात्र न बघताही दाबता येतं. त्याचा नकार हट्टातून आलेला नाही, अनुभवातून आलाय.

टिपकागद

घडीघडी, पूर्ण कळफलक आणि बोलून टंकणं हे मान्य. पण स्वस्तातल्या स्मार्टफोनची काच गेली की ती बदलण्याचा खर्च फोनच्या किमतीच्या जवळ जातो. उघड्यावर काम करणाऱ्याला तो सौदा परवडत नाही.

घडीघडी

उन्हाचा आणि घामाचा मुद्दा पटण्यासारखा आहे. मधला रस्ता म्हणून कायओएसवाला (साध्या फोनवर मोजकी ॲप चालवणारी प्रणाली) बटणांचा फोन?

आडवाटेचा

तो रस्ता व्हॉट्सॲपसाठी घेत असाल तर आता उपयोगाचा नाही. कायओएसवर व्हॉट्सॲप २०१९ मध्ये आलं आणि जून २०२४ पासून नव्याने मिळायचं बंद झालं. दुकानदार जुन्या खोक्यावरचं चित्र दाखवून फोन खपवत असेल तर फसू नका.

लंबक

पूर्ण कळफलक आणि खरी बटणं, दोन्ही हवं असेल तर नोकियाचा ई६३! २००८ चा. त्यावर मी मोठमोठी पत्रं लिहिली आहेत. काय ती बटणं, काय तो स्पर्श. दोन्ही अंगठ्यांनी लिहिताना वेग असा यायचा की समोरचा एक ओळ लिहीपर्यंत माझा परिच्छेद व्हायचा.

अर्धविराम

आणि ब्लॅकबेरीचे कळफलक! त्या जुन्या प्रणालीवरच्या फोनांची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ रोजी थांबवली. त्यानंतर कॉल आणि एसेमेसचीही खात्री देता येणार नाही असं कंपनीनेच कळवलं होतं. तेव्हा जुन्या बाजारात कितीही सुबक दिसला तरी मामांसाठी नको.

आडवाटेचा

ई६३ लाही फोरजी नाही, लंबकराव. पण परिच्छेदाच्या वेगाला दंडवत.

गुणगुण

मी स्वतः श्रवणयंत्र वापरते, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. वर कुणीच बोललं नाही असा मुद्दा म्हणजे कंपन. मामांना मेसेज आलेला कळणार कसा? जाड कापडाच्या खिशात, चालताना, काम करताना जाणवेल इतकं कंपन हवं. साध्या फोनांत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुकानात फोन खिशात ठेवून स्वतःला मेसेज करून बघा. काही फोन मेसेजला एकदाच 'घुर्र' करून गप्प बसतात, काहींत मेसेज वाचेपर्यंत पुन्हा आठवण देण्याची सोय असते. ती मिळाली तर सोडू नका. पडद्याबाहेर लुकलुकणारा दिवा असेल तर आणखी चांगलं.

दुसरं, टूजी फोन यंत्राजवळ आला की कानात करकर येते. टूजी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो, ते यंत्राच्या तारांत शिरतात. फोरजीवर मला हा त्रास जवळजवळ होत नाही. वरच्या खिशात फोन ठेवायची सवय असेल तर आडवाटेचा यांच्या फोरजीच्या सल्ल्याला माझं एक जास्तीचं मत. काही फोनांच्या माहितीपत्रकात श्रवणयंत्रासाठीची श्रेणी एम३, टी३ अशी लिहिलेली असते. आकडा जितका मोठा तितकं चांगलं.

सांजवात

गुणगुण, हे मला कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं. मामा फोन वरच्या खिशातच ठेवतो. खूप खूप आभार.

हातखंडा

फिजिओथेरपिस्ट आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं तर दुर्लक्ष करू नये. एकाच अंगठ्याने सतत टंकणाऱ्यांत तिथल्या स्नायुबंधांचं आवरण सुजतं. फार कडक बटणं त्यात भर घालतात. तेव्हा 'टणक म्हणजे टिकाऊ' असं समजून दाबायला जड कीपॅड घेऊ नका. दोन्ही अंगठे आलटून पालटून वापरायची सवय लावा.

आडवाटेचा

मेसेजपेटीच्या क्षमतेबद्दल सांगायचं राहिलं, आणि सतत मेसेज करणाऱ्याला खरा फटका तिथेच बसतो. साध्या फोनांत मोजकेच मेसेज मावतात, सिमवर तर त्याहून कमी. लांब मेसेजचा प्रत्येक तुकडा वेगळी जागा धरतो, म्हणजे देवनागरीत पेटी आणखी लवकर भरते. पेटी भरली की नवा मेसेज फोनवर येत नाही. तो कंपनीच्या केंद्रात थांबतो, काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो आणि मुदत संपली की कायमचा जातो. पाठवणाऱ्याला वाटतं गेला, मामांना वाटतं आलाच नाही. ज्याचा सगळा व्यवहार मेसेजवर आहे त्याच्यासाठी ही गंभीर गोष्ट आहे.

म्हणून माहितीपत्रकात किती मेसेज साठतात ते वाचा, नसेल तर सेटिंगमध्ये 'मेमरी स्टेटस' असतं ते बघा. एकाच माणसाशी झालेले मेसेज एकाखाली एक दिसतात का, एका दाबात अख्खं संभाषण पुसता येतं का, आणि जुने मेसेज मेमरी कार्डावर काढता येतात का, हे तीन प्रश्न कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहेत.

कळफलक

+१. आणि मेसेजचे नमुने! 'पोचलो', 'उशीर होईल', 'मला ऐकू येत नाही, कृपया मेसेज करा' असे तयार मजकूर साठवता यायला हवेत. शेवटचा तर मामांच्या फोनवर असायलाच हवा. कुणी कॉल केला तर कॉल नाकारताना थेट तो मेसेज पाठवायची सोय बऱ्याच साध्या फोनांत असते.

रानवारा_०७

कळफलक, हे मी माझ्या आईच्या फोनवर आजच करणार. तिला ऐकू उत्तम येतं, पण मालिका चालू असताना येत नाही.

सांजवात

शनिवारी मामाला घेऊन दुकानात गेले होते. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या दुकानात ते नसेल आणि कुणी त्याच्याच मागे लागेल. पण निवड कशी झाली ते सांगते.

दुकानदाराने आधी मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या स्पीकरचा फोन पुढे केला. मामाने तो बाजूला ठेवला आणि सरळ मेसेज लिहायला घेतला. एका फोनवर 'ळ' सापडला पण जोडाक्षरं फुटत होती. एकावर बटणं सुरेख पण कंपन खिशात कळेना. जो घेतला त्यात व्होल्टी आहे, अखंड रबरी कीपॅड, टाइप-सी, काढता येणारी बॅटरी, आयपी५४ आणि एकाखाली एक दिसणारे मेसेज. शब्दसूचना देवनागरीत नाही, तेवढी उणीव आहे. मामाने विचार करून सांगितलं की कंपन आणि बटणं या दोन गोष्टी त्याला शब्दसूचनेपेक्षा जास्त मोलाच्या आहेत. पूर्वीच्या फोनची बटणंही टिपकागद यांनी सांगितलं तशी साफ करून घेतली, ५ आणि ७ दोन्ही उठतात आता.

एक प्रश्न उरलाय. जुन्या फोनमधले नंबर सिमवर उतरवले तर नव्या फोनवर काही नावं अर्धवट दिसतात आणि ज्यांचे दोन नंबर होते त्यांचा एकच आला. असं का?

टिपकागद

सिमवर नावाला ठरावीक अक्षरांचीच जागा असते आणि एका नावामागे साधारणपणे एकच नंबर बसतो. देवनागरी नाव तर आणखी लवकर कापलं जातं. जुन्या फोनमध्ये ब्लूटूथ असेल तर सगळे नंबर 'व्हीकार्ड' (नाव-नंबरांची फाइल) म्हणून एकत्र पाठवा, नावं पूर्ण येतील. नसेल तर महत्त्वाचे नंबर हाताने भरा आणि साठवताना 'फोन मेमरी' निवडा.

आणि हे करत असताना मेसेजच्या सेटिंगमध्येही जा. साठवण 'फोन'वर ठेवा, 'डिलिव्हरी रिपोर्ट' चालू करा म्हणजे मेसेज पोचला की नाही ते मामांना कळेल. न पोचलेला मेसेज केंद्रात किती काळ थांबावा त्या मुदतीचा पर्याय दिसला तर तो जास्तीत जास्त ठेवा. कधी कॉल लागतोय पण मेसेज जात नाही असं झालं तर आधी तिथला 'मेसेज सेंटर नंबर' कोरा झालाय का ते बघा, तो सिम कंपनीकडून मिळतो.

सांजवात

जुन्या फोनमध्ये ब्लूटूथ आहे. आज संध्याकाळीच करते. डिलिव्हरी रिपोर्ट बंदच होता, तो आत्ता मामाला मेसेज करून चालू करायला सांगितला आणि त्याचं उत्तरही आलं: 'झालं. आता आईला पाठवून बघतो.'